स्पर्शिका परत छेदते, तरी स्पर्शिकाच?

प्रश्न असा आलाय की दहावीत वर्तुळाला एकाच बिंदूत भेटते ती स्पर्शिका असं शिकलो, मग बारावीत वक्राची स्पर्शिका पुढे जाऊन त्याच वक्राला परत छेदते, तिला छेदिका का नाही म्हणायचं?

प्रश्न एकदम रास्त आहे. 'एकाच बिंदूत' ही ओळख वर्तुळापुरती चालते, कारण वर्तुळाच्या आत शिरलेली रेषा दुसऱ्या बिंदूतून बाहेर पडतेच, एकाच बिंदूत भेटून आरपार जाऊ शकत नाही. बाकीच्या वक्रांना ती लावली की घोळ होतो. य = क्ष² हा पॅराबोला घ्या, क्ष = १ ही उभी रेषा त्याला फक्त (१, १) मध्येच भेटते पण स्पर्शिका अजिबात नाही, ती सरळ आरपार जाते.

आता य = क्ष³ घ्या. (१, १) पाशी त्याचा चढ ३ आहे, म्हणून तिथली स्पर्शिका य = ३क्ष − २. दोन्ही बरोबर ठेवून सोडवलं की (क्ष − १)²(क्ष + २) = ० येतं, आणि सगळं उत्तर इथेच आहे बघा, क्ष = १ हे मूळ दोनदा आलंय म्हणजे तिथे स्पर्श, आणि −२ एकदाच आलंय म्हणजे (−२, −८) पाशी नुसतं छेदणं. रेषा तीच, पण नातं बिंदूगणिक बदलतं. म्हणून नुसतं 'वक्राची स्पर्शिका' न म्हणता 'अमुक बिंदूपाशी स्पर्शिका' म्हणायची सवय लावा, मला तरी ही फार मोलाची वाटते. त्या बिंदूपाशी वक्राची जी दिशा तीच रेषेची दिशा, स्पर्श म्हणजे एवढंच.

दुसरं विचारलंय की वक्र घनाचा असो की वर्गाचा, स्पर्शिकेचं समीकरण रेषीयच कसं येतं. अहो स्पर्शिका स्वतः सरळ रेषा आहे ना, वक्राकडून ती फक्त एक बिंदू आणि तिथला चढ घेते. क्ष² + य² = २५ या वर्तुळाला (३, ४) पाशी स्पर्शिका काढा, ३क्ष + ४य = २५ येईल, वर्ग कुठेच नाही.

फक्त 'रेषीय' म्हणजे चलांवर घात दिसत नाही ते, असं समजू नका. क्ष × य = ६ मध्ये दोन्ही चलांचा घात १ च आहे, पण त्या पदाची कोटी, म्हणजे त्यातल्या चलांच्या घातांची बेरीज, २ होते, आलेख काढला तर वक्र येतो, रेषा नाही.