डबल मार्करमध्ये पीएपीपी-ए कमी आलं, तर बाळ दिवस भरण्याआधी होईल का?

तुमचा 12व्या आठवड्यातला डबल मार्कर, म्हणजे गरोदरपणाच्या सुरुवातीची रक्ततपासणी, डाउन सिंड्रोमसाठी कमी धोक्याचा आलाय, पण पीएपीपी-ए 0.38 एमओएम (म्हणजे मधल्या प्रमाणाच्या 0.38 पट) आहे आणि त्यामुळे तुमची झोप उडालीय. आधी हे सांगते: या एका आकड्यावरून बाळंतपण कधी होईल ते कळत नाही. असा रिपोर्ट आलेल्या बहुतेक जणींचे दिवस पूर्ण भरतात.

पीएपीपी-ए हे वारेत तयार होणारं प्रथिन. बाळाच्या वाढीला लागणारं आयजीएफ नावाचं संप्रेरक रक्तात दुसऱ्या एका प्रथिनाला बांधलेलं असतं, ते सोडवायचं काम पीएपीपी-ए करतं. ते कमी असलं तर वार नीट रुजली नसेल, अशी शंका घ्यायची. पुढे बाळाची वाढ मंदावते किंवा आईचं बीपी चढतं आणि डॉक्टरांना 37 आठवड्यांआधी प्रसूती करावी लागते, हा धोका थोडा वाढतो. आपोआप लवकर कळा सुरू होण्याशी याचा संबंध त्यामानाने सैल आहे.

आता तुमचा रिपोर्ट पुन्हा हातात घ्या. तेवढ्याच आठवड्यांच्या गरोदर बायकांचा जो मध्यक, म्हणजे मधला आकडा, त्याच्या किती पट तुमचं प्रमाण आहे, ते एमओएम सांगतो. साधारण 0.4च्या खाली कमी धरतात. या काळात पीएपीपी-ए झपाट्याने वाढतं. म्हणून लॅबने पाळीच्या तारखेवरून 13 आठवडे धरले आणि सोनोग्राफीत सीआरएलप्रमाणे (डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून) बाळ 12चंच असेल, तर आकडा खोटा कमी येतो. वजनाचंही तसंच: 80 किलोच्या जागी 60 लिहिलं गेलं तरी एमओएम उगाच घसरतो. आयव्हीएफ किंवा जुळं असल्यास तेही नोंदलंय का पाहा. चूक सापडली तर नव्याने गणित करून मागा, त्यासाठी पुन्हा रक्त द्यावं लागत नाही.

आकडा खराच कमी असेल, तर कमी मात्रेच्या ॲस्पिरिनबद्दल डॉक्टरांना याच भेटीत विचारा. सहसा रात्री 150 मिलिग्रॅम देतात. ती 16 आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच खरा उपयोग, पण मनाने घेऊ नका. 26 ते 28 आठवड्यांपासून वाढीची सोनोग्राफी आणि डॉपलर (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) ठरावीक अंतराने करायचं. बीपी प्रत्येक भेटीत. 20 आठवड्यांनंतर ते 140/90 झालं, तर एसएफएलटी-पीएलजीएफ गुणोत्तर (वारेतल्या दोन प्रथिनांची रक्ततपासणी) कामाचं: 38 किंवा कमी आलं तर पुढच्या आठवड्यात प्रीएक्लॅम्पसिया (गरोदरपणातला बीपी वाढण्याचा गंभीर आजार) होण्याची शक्यता फार कमी.

आपोआप लवकर कळा येण्याची भीती असेल, तर रक्तापेक्षा गर्भाशयाच्या मुखाची लांबी जास्त सांगते. 18 ते 24 आठवड्यांत योनीमार्गातून सोनोग्राफी करून ती मोजून घ्या. पोटावरून मोजताना लघवीची पिशवी भरलेली असली की ती फसवी लांब दिसते. 25 मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर रोज रात्री योनीमार्गातून 200 मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन देतात.

अमेरिकेत 18 ते 20 आठवड्यांत दोन प्रथिनांच्या गुणोत्तरावरून लवकर प्रसूतीचा धोका सांगणारी रक्ततपासणी मिळते. त्यातलं एक प्रथिन तेच, आयजीएफला बांधून ठेवणारं, पीएपीपी-ए ज्याला तोडतं. तरी माझ्या मते तुम्ही त्यामागे धावू नका. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) किंवा पांढऱ्या पेशींवरूनही अंदाज बांधू नका, पांढऱ्या पेशी गरोदरपणात तशाही वाढतात. हिमोग्लोबिन, साखर आणि लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) मात्र चुकवू नका. त्रास नसतानाही लघवीत जंतू असू शकतात आणि ते औषधाने जातात.

37 आठवड्यांआधी पोट ठरावीक वेळाने कडक होऊ लागलं, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर थांबू नका. बाळाच्या फुफ्फुसांसाठी देतात त्या स्टिरॉइडला पूर्ण परिणामासाठी साधारण एक दिवस लागतो. म्हणून एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेलं रुग्णालय 28व्या आठवड्याआधीच ठरवून ठेवा.