आयसीयूत बीपी वाढवायला दिलेलं व्हॅसोप्रेसिन आणि अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाच्या गोळ्या, दोन्ही एकच औषध का?

एकच नाही, पण सख्खी भावंडं म्हणा. व्हॅसोप्रेसिन मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये तयार होतं आणि पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात येतं. अवघ्या 9 अमिनो आम्लांची साखळी! उन्हात फिरून आलात की लघवी थोडी आणि गडद पिवळी होते ना, ती याची करामत: मूत्रपिंडाला ते सांगतं, पाणी परत ओढून घे. दारू त्याला दाबते, म्हणून पिणारा सारखा उठतो.

जास्त मात्रेत ते रक्तवाहिन्या आवळतं. त्यामुळे सेप्टिक शॉकमध्ये (गंभीर जंतुसंसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा) नॉरॲड्रिनॅलिन हे बीपी वाढवणारं औषध एकटं पुरेना की जोडीला याची ड्रिप लावतात.

मुलाच्या गोळ्या डेस्मोप्रेसिनच्या. रेणूत किरकोळ फेरफार केलाय, त्यामुळे बीपीवर जवळपास परिणाम नाही, काम मूत्रपिंडावरच. व्हॅसोप्रेसिन कमी पडून भरमसाट लघवी होते त्या डायबेटिस इन्सिपिडसमध्येही हेच देतात (नावात डायबेटिस असलं तरी साखरेशी संबंध शून्य).

एक मात्र पाळा. गोळी घ्यायच्या तासभर आधीपासून पुढचे आठ तास पाणी बेताचंच, तहानेपुरतं. नाहीतर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकेदुखी, उलट्या किंवा फिट आली तर थेट दवाखाना गाठा.