डाएट सुरू करताय? भाकरी सोडू नका

भाऊ, नवशिके हमखास इथंच घसरतात: पहिल्याच दिवशी भाकरी बंद, अन् चौथ्या दिवशी भज्यांवर तुटून पडतात. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आपल्या दारात पिकते. दोन कडक भाकऱ्या खुशाल खा, फक्त शेजारी वाटीभर घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ हवीच. वजनाच्या दर किलोला रोज साधारण ०.८ ग्रॅम प्रथिनं लागतात. नुसत्या भाकरी-चटणीवर ती भागवणं अवघड.

- शेंगा चटणी चमचाभरच. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं, अन् आपण वरून आणखी ओततो!
- मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. लोणचं-पापड त्यातच धरा.
- कच्ची मेथी, काकडी, कांदा भरपूर.

प्रोटीन पावडर, कॅलरीची ॲपं सध्या राहू द्या. महिनाभर एवढं जमवा, मग पुढचं सांगतो.