आम्ही नाही म्हटलं, तर चुकलं का?

"आम्ही अवयवदानाला नाही म्हटलं, हा गुन्हा झाला का हो?" कुडाळात समुपदेशक म्हणून बसून हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकलाय की उत्तर पाठ आहे: नाही. पण पाठ केलेल्या उत्तराने कुणाला झोप लागत नाही.

वेंगुर्ल्याकडच्या एक बाई (ओळख बदलली आहे) नवऱ्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी आल्या. हायवेवर अपघात, मग जिल्ह्याबाहेरचं मोठं हॉस्पिटल. चार डॉक्टरांच्या मंडळाने मेंदू मृत झाल्याचं सांगितलं. अवयवांबद्दल विचारणा झाली तेव्हा दीर म्हणाले, नको. नवरा मात्र बातम्या बघताना एकदा म्हणाला होता, "माझं काय ते देऊन टाका."

"त्यांची इच्छा मी मोडली."

आधी कायदा सांगितला. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे हयातीतली संमती लेखी हवी, दोन साक्षीदारांसमोर, त्यातला किमान एक जवळचा नातलग. तशी नसेल तर निर्णय घरच्यांचा. पण जवळच्या नातलगाची हरकत दिसली तर पुढे जाता येत नाही. भाऊ त्यात मोडतो. 2011 च्या दुरुस्तीनंतर तर 'नाही' म्हणायचा पर्यायही डॉक्टरांनीच समजावून सांगायचा असतो.

"म्हणजे भावजींमुळेच झालं!"

पुष्कळांना इथे हायसं वाटतं आणि ते येणं बंद करतात. मी मात्र माणसाला त्याच्या घरातून सुटं काढून बघत नाही. पुढच्या वेळी दिरांनाही बोलावलं. ते बराच वेळ चपलांकडे बघत बसले. मी एवढंच विचारलं, "तुम्ही त्यांना शेवटचं पाहिलंत, तेव्हा कसे दिसले?"

"दादाचो हात गरम होतो. छाती हलत होती. गरम हाताच्या माणसाक मेलो म्हणान सही कशी करतलंय?"

"माका पण गरमच लागलो," बाई पुटपुटल्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "भावजी नको म्हणाले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं."

इतके महिने हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. ते बाहेर आल्यावर दोष कुणाचा, याची चर्चा आपोआप थांबली. श्वास यंत्राचा होता, म्हणून हात गरम होता. मेंदू मृत झाल्याच्या तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होतात. हे सगळं त्यांनी आता पहिल्यांदा नीट ऐकून घेतलं. माझ्या अनुभवात बहुतेक नकार दानाला नसतोच. मृत्यूलाच अजून होकार दिलेला नसतो.

म्हणून सांगते, अवयवदानाचं कार्ड भरून पाकिटात लपवू नका, जेवताना विषय काढा. मन बदललं तर संमती मागे घेता येते. संमतीनंतर अवयव टिकवण्याचा खर्च घरच्यांवर पडत नाही. अपघात असेल तर पोलीस आणि शवविच्छेदनाचे सोपस्कार होतात, त्याची तयारी ठेवा. डोळे तर घरी मृत्यू झाला तरी देता येतात, सहा तासांच्या आत.

निघताना दिरांनी फॉर्म मागितला. "साक्षीदार म्हणान वैनीची सही चालात?"

चालेल, पण कायद्याच्या यादीत वहिनी जवळची नातलग नाही. दुसरी सही बायकोची, सज्ञान मुलाची नाहीतर बहिणीची लागेल.

"म्हणजे आधी घरात सांगूक होया," ते म्हणाले, आणि फॉर्म घडी घालून खिशात ठेवला.