बाबावाक्यं प्रमाणम्? पोप, चुका आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात नवीन पोप लिओ चौदावे यांच्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, मेलचा नुसता पाऊस पडला, आणि निम्म्याहून जास्त लोकांचा प्रश्न एकच की पोप चुकतच नाही असं तुम्ही लोक मानता हे खरंय का. तर यावेळचं सदर सगळं त्यावरच. आधीच सांगतो, मी धर्मगुरू नाही, रिटायर्ड शिक्षक आहे, नाना पेठेत वाढलेला मराठी कॅथलिक, आणि या विषयावर आयुष्यभर लग्नाच्या पंगतीत, स्टाफरूममध्ये आणि आता फॅमिली ग्रुपवर वाद घालत आलोय.

कोथरूडहून एक वाचक: आमच्या ऑफिसात लंचला विषय निघाला. एकजण म्हणाला, पोप जे बोलेल ते ब्रह्मवाक्य, असा कॅथलिकांचा नियमच आहे. आमच्यात एक कॅथलिक मुलगा आहे, तो म्हणाला 'तसं नसतं रे', पण मग कसं असतं ते काही त्याला सांगता येईना. शेवटी आम्हीच ठरवलं की पोप म्हणजे थर्ड अंपायर, आउट म्हटलं की आउट. बरोबर आहे का?

पहिलं म्हणजे त्या मुलाला माझ्यातर्फे एक चहा पाजा, कारण 'तसं नसतं रे' हे त्याचं उत्तर अर्धवट असलं तरी बरोबर आहे.

अंपायर मॅचभर निर्णय देत असतो. पोपच्या बाबतीत ज्याला अचूकता म्हणतात ती वापरण्याचे ज्याबद्दल कुणाचंच दुमत नाही असे प्रसंग गेल्या पावणेदोनशे वर्षांत दोन. दोन! आपल्याकडे पुलाच्या उद्घाटनाच्या तारखा यापेक्षा जास्त वेळा जाहीर होतात. आणि त्यासाठीच्या अटी अशा आहेत की रोजच्या बोलण्यात त्या पुऱ्या होणं शक्यच नाही, म्हणजे पोपने सगळ्या चर्चचा मेंढपाळ आणि शिक्षक या अधिकृत नात्याने बोलायला हवं, विषय श्रद्धेचा किंवा नीतीचा हवा, 'हे आता कायमचं ठरलं' असं स्पष्ट म्हटलेलं हवं आणि ते कुठल्या एका देशाला नाही तर अख्ख्या चर्चला बांधील हवं. यातली एक अट जरी हुकली तरी ते भाषण, प्रवचन, मुलाखत, पत्र, काय हवं ते म्हणा पण ही अचूकता नाही. लॅटिनमध्ये याला 'एक्स कॅथेड्रा' म्हणतात, आसनावरून बोलणं. विमानात पत्रकारांशी मारलेल्या गप्पा आसनावरून नसतात, सीटवरून असतात.

दुसरा गैरसमज जास्त चिवट. लोकांना वाटतं देव पोपच्या कानात काहीतरी नवीन सांगतो आणि ते हे जाहीर करतात. असं चर्च म्हणतच नाही. जे आधीपासून मानलं जातंय तेच नीट शब्दात मांडायचं, आणि त्या मांडण्यात चर्चच्या गळ्यात कायमची चूक पडू नये म्हणून पवित्र आत्मा सांभाळतो, एवढंच. माझी आवडती उपमा म्हणजे हा ब्रेक आहे, इंजिन नाही. ब्रेक चांगला आहे म्हणून ड्रायव्हर हुशार ठरत नाही.

राहता राहिलं हवामान, शेअर मार्केट आणि क्रिकेट. लिओ चौदावे शिकागोचे आणि तिथल्या व्हाइट सॉक्स या बेसबॉल टीमचे फॅन. २०२४ च्या सीझनमध्ये ही टीम १२१ मॅचेस हरली. तेव्हा टीम निवडण्यात अचूकता नाही हे सिद्धच झालं म्हणायचं.

पिंपरीहून एक वाचक: म्हणजे पोप पाप करू शकतो?

करू शकतो, आणि कन्फेशनलाही जातो. २८ मार्च २०१४ ला पोप फ्रान्सिस सेंट पीटर्समध्ये लोकांच्या कन्फेशन ऐकायला म्हणून निघाले आणि वाटेत स्वतःच एका धर्मगुरूसमोर गुडघे टेकून बसले, सगळ्या कॅमेऱ्यांसमोर. अचूकता आणि निष्पापपणा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. काही पोप तर असे होऊन गेले की वर्गात शिकवताना ते प्रकरण मी घाईघाईने उरकायचो.

इंजिनीअरिंगचा एक विद्यार्थी: गॅलिलिओचं काय? तिथे तर सरळ सरळ चुकलेच ना?

चुकलेच. सपशेल. १६३३ चा खटला ही चूकच होती आणि १९९२ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी जाहीरपणे ते मान्य केलं, उशीर झाला म्हणाल तर झालाच. पण तो न्यायासनाचा निकाल होता, पोपने अख्ख्या चर्चसाठी केलेली श्रद्धेची व्याख्या नव्हती. ही पळवाट वाटते हे मला कळतं रे, मलाही तुझ्या वयात वाटायची.

मला विचारशील तर गॅलिलिओपेक्षा भारी उदाहरण बाविसाव्या जॉनचं आहे. १३३१ साली आव्हिन्यों या आजच्या फ्रान्समधल्या गावी, तेव्हा पोप तिथेच राहायचे, या पोपने प्रवचनात सांगायला सुरुवात केली की मेलेल्या संतांना देवाचं पूर्ण दर्शन आत्ता नाही, शेवटच्या न्यायाच्या दिवशीच होणार. झालं, पॅरिसचे धर्मपंडित खवळले, फ्रान्सचा राजा मध्ये पडला, आणि 'पोप म्हणाले ना, मग विषय संपला' असं त्या काळातही कुणी म्हटलं नाही बघ. १३३४ मध्ये मरणाच्या आदल्या दिवशी म्हातारबुवांनी मत मागे घेतलं आणि पुढच्या पोपने १३३६ ला बरोबर उलटं ठरवून टाकलं. जॉनने ते वैयक्तिक मत म्हणून मांडलेलं, व्याख्या म्हणून नाही, म्हणून अचूकतेवाले त्यातून सुटतात. होनोरियसचं प्रकरण सोडवायला जास्त अवघड आहे, कारण ६८१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने या मेलेल्या पोपला चक्क पाखंडी ठरवलं. १८७० ला पोपची अचूकता हा अधिकृत सिद्धांत ठरवला गेला, तेव्हा विरोधकांनी हेच नाव सगळ्यात जास्त घेतलं. उत्तर असं देतात की ज्या पत्रांवरून होनोरियसला दोषी धरलं ती व्याख्या नव्हती. मला ते पटतं, पण विरोधकांना मुद्दा होता.

आणि सुरुवातीपासून बघायचं तर गलतीकरांस पत्र उघड, दुसरा अध्याय. अंत्युखियात पौलाने पेत्राला तोंडावर सुनावलं. कॅथलिकांच्या हिशेबाने पहिला पोप तो!

सदाशिव पेठेतून एक आजोबा: १८७० लाच हे का सुचलं? राज्य हातचं जायला लागलं म्हणून धर्माचा जोर वाढवला, असा आमचा साधा तर्क.

आजोबा, तुमचा तर्क निम्मा बरोबर आहे आणि तुम्ही सदाशिव पेठेतले असल्याने उरलेला निम्मा तुम्ही मान्य करणार नाही, तरी सांगतो.

नववे पायस पोप, इटली एक होत चाललेली, पोपचं राज्य आक्रसून रोमच्या आसपास उरलेलं. व्हॅटिकनची पहिली परिषद डिसेंबर १८६९ ला भरली. लोकांना वाटतं पोपने स्वतःच स्वतःला सर्टिफिकेट लिहून घेतलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रत्यक्षात महिनोन् महिने कडाक्याचं भांडण झालं. आर्चबिशप, प्राध्यापक, इतिहासकार, कितीतरी जण विरोधात, काहींचा विरोध मूळ कल्पनेलाच आणि बऱ्याच जणांचं म्हणणं की असेल खरं, पण आत्ता ठरवायची ही वेळ आहे का? १३ जुलैला चाचणी मतदान झालं, ४५१ बाजूने, ८८ विरोधात, ६२ जणांचं 'हो, पण दुरुस्ती करा'. मग विरोधातले पन्नासहून जास्त बिशप, पोपच्या तोंडावर नाही म्हणायला नको म्हणून, अंतिम मतदानाच्या आधीच रोम सोडून निघून गेले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'मला जरा काम आहे' म्हणून उठतात ना, तसे.

१८ जुलै १८७०. सकाळपासून आभाळ भरून आलेलं, विजा चमकतायत, ढग गडगडतायत, आणि एकेका बिशपचं नाव पुकारलं जातंय. ५३३ बाजूने, दोन विरोधात. एक इटलीतले काजाझ्झोचे बिशप रिच्चो आणि दुसरे अमेरिकेतले लिटल रॉकचे बिशप फिट्झजेराल्ड. दोघांनीही निकाल लागल्यावर तिथेच मान्य केलं. इतका अंधार झाला होता की पोपना मजकूर वाचायला मेणबत्ती आणावी लागली. आता यात विरोधकांना देवाचा कोप दिसला आणि समर्थकांना बायबलमधला, देवाने विजा-गडगडाटात मोशेला आज्ञा दिल्या तो सीनायचा डोंगर आठवला, ज्याला जे हवं ते पावसात दिसतं. दुसऱ्याच दिवशी फ्रान्स-प्रशिया युद्ध पुकारलं गेलं, पोपच्या रक्षणाला रोममध्ये असलेलं फ्रेंच सैन्य परत गेलं, २० सप्टेंबरला इटलीच्या सैन्याने रोम घेतलं. राज्य गेलंच.

पण आजोबा, उरलेला निम्मा भाग असा की ज्यांना पोपचा प्रत्येक शब्द अचूक ठरवून हवा होता तेही त्या दिवशी निराशच झाले. ठराव त्यांच्या मागणीपेक्षा खूपच आखूड निघाला, वर सांगितलेल्या त्या अटी म्हणजे त्याच भांडणाची कमाई. विरोधक हरले, पण जाता जाता कुंपण घालून गेले, असं मी म्हणतो. सगळ्यांनाच ते पटलं नाही हेही खरं, म्युनिकचे इतिहासकार ड्योलिंगर शेवटपर्यंत मानले नाहीत आणि १८७१ ला त्यांना चर्चबाहेर काढलं.

कॅम्पातून एक ताई: ते दोन प्रसंग कुठले? आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये कुणी सांगितलेच नाहीत.

ताई, दोन्ही येशूच्या आईबद्दलचे, पवित्र मारियेबद्दलचे. पहिला ८ डिसेंबर १८५४, निष्कलंक गर्भसंभव. हा १८७० च्या आधीचा, पण त्यातच धरतात. दुसरा १ नोव्हेंबर १९५०, स्वर्गोन्नयन, म्हणजे मारियेला देहासकट स्वर्गात घेतलं गेलं, आणि त्याचा सण १५ ऑगस्टला, त्यामुळे आपल्याकडे सकाळी मिस्सा आणि लगेच झेंडावंदन, लहानपणी मला वाटायचं लाडू मारियेकडून मिळतात.

निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारी पोटी जन्म, असं दहातले नऊ जण समजतात, त्यात आमचे कॅथलिकही आले. तसं नाही. मारिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली तेव्हापासून मूळपापापासून, म्हणजे आदाम-हव्वेपासून सगळ्या माणसांकडे आलेल्या पापापासून, मुक्त होती, असा त्याचा अर्थ.

आणि आता गंमत बघा. क्वार्टर गेटजवळचं आपलं सिटी चर्च, त्याचं पूर्ण नावच मुळी निष्कलंक गर्भसंभव माउलीचं चर्च आहे. पेशव्यांच्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती शिपायांसाठी, पेशव्यांनीच दिलेल्या जागेवर १७९२ चं. म्हणजे रोममध्ये पोपने हे अचूक वगैरे ठरवायच्या ६२ वर्षं आधी नाना पेठेतले शिपाई त्याच नावाने हात जोडत होते! 'पोपने नवीन काढलं' म्हणणाऱ्याला मी नेहमी रिक्षात घालून त्या दारात नेतो. शिवाय दोन्ही वेळा पोपनी आधी जगभरच्या बिशपना पत्र पाठवून विचारलं होतं, १८४९ ला आणि १९४६ ला, की तुमच्याकडचे लोक काय मानतात, हे ठरवावं का. कागदावर पोपला कुणाच्या संमतीची गरज नाही, तसं १८७० च्या ठरावातच लिहिलंय. पण वागणं मात्र विचारून.

वडगावशेरीतून एक मुलगी: माझं लग्न ठरलंय. आजी म्हणते पोपने कुटुंबनियोजनाच्या साधनांना नाही म्हटलंय, ते अचूक आहे, प्रश्न विचारायचा नाही. खरंच विचारायचा नाही का?

बाळा, आधी अभिनंदन.

१९६८ चं सहाव्या पॉल यांचं ते पत्र. आधीच्या पोपने नेमलेल्या आणि यांनी वाढवलेल्या समितीतल्या बहुतेकांचं मत होतं की नियम सैल करा, पोपनी ऐकलं नाही. पण पत्र प्रसिद्ध करताना व्हॅटिकनच्याच पत्रकार परिषदेत सांगितलं गेलं की हे अचूक या प्रकारातलं विधान नाही. म्हणजे आजीचा तेवढा शब्द सोड.

पण 'अचूक नाही' म्हणजे 'ऑप्शनला टाका' असंही नाही, आणि इथे मी तुला गोड बोलून फसवणार नाही. ही चर्चची अधिकृत शिकवण आहे, ती कॅथलिक माणसाने आदराने, मनापासून ऐकून घ्यावी अशी अपेक्षा आहे, आणि चर्चने ती आजवर बदललेली नाही. काही धर्मपंडित तर म्हणतात की सगळ्या बिशपनी पिढ्यान् पिढ्या एकमुखाने शिकवल्यामुळे ती वेगळ्या वाटेने अचूकच ठरते, दुसरे म्हणतात नाही. खरी अडचण इथे आहे बघ. लोक त्या दोन विधानांवरून भांडत बसतात ज्यांनी कुणाच्या बेडरूममध्ये काही फरक पडत नाही, आणि ज्याने पडतो तो सगळा भाग मधल्या धुक्यात आहे. कुठपर्यंत ऐकायचं आणि सद्सद्विवेक कुठे सुरू होतो याचं मोजमाप चर्चने बारीक अक्षरात लिहून ठेवलंय, आणि ते प्रवचनात कुणी वाचून दाखवत नाही ही माझी जुनी तक्रार.

लग्नाआधीचा कोर्स करशील तिथे हा प्रश्न असाच विचार, दोघांनी मिळून विचार. इंग्रज धर्मपंडित कार्डिनल न्यूमनने १८७५ मध्ये लिहिलं होतं की जेवणानंतर पेला उंचावायचाच झाला तर पोपच्या नावाने उंचावेन, पण आधी सद्सद्विवेकाच्या, मग पोपच्या. २०१९ ला त्याला संत जाहीर केलं, पोपनीच. आजीला हे सांग, पण पेल्याचा भाग गाळून.

हडपसरहून एक वाचक: तुमचं हे सदर तरी अचूक असतं का?

नाही हो. मागच्या अंकात मी कॉन्क्लेव्ह, म्हणजे नवा पोप निवडण्याची बैठक, तीन दिवस चाललं असं ठोकून दिलं होतं. दोनच दिवस, ७ आणि ८ मे २०२५. तिघांनी कळवलं, पैकी एक आमच्या सौ.