कॉयरमधून सोलोला उभं राहताना

अभिनंदन! तुझी अडचण मला समजली ती अशी: पाश्चात्य शास्त्रीय गायन शिकतोयस, कॉयरमध्ये (समूहगायनात) बेसच्या, म्हणजे पुरुषांच्या सर्वांत खालच्या आवाजाच्या रांगेत गातोस, आणि आता त्याच कॉयरने फ्रेंच संगीतकार फोरेच्या रेक्विएममधला (मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीतातला) बॅरिटोन, म्हणजे पुरुषाच्या मधल्या पट्टीच्या आवाजाचा सोलो तुला दिलाय. आवाज ऑर्केस्ट्रापुढे ऐकू जाईल का आणि सोलो नसेल तेव्हा रांगेत गायचं का, हे तुला विचारायचंय.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. कार्यक्रमाच्या दिवशी कॉयरमध्ये गाऊ नकोस. बेस कमी पडतायत म्हणून कंडक्टरने, म्हणजे हातवाऱ्यांनी कॉयर आणि ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्याने, गळ घातली तरी नाही. रेक्विएमच्या दुसऱ्या भागात तुझा पहिला सोलो, 'होस्तियास', होतो आणि त्यानंतर तू थेट सहाव्या भागात, 'लिबेरा मे'ला उठतोस. मधल्या तीन भागांत कॉयरला मोठ्याने गायच्या जागा आहेत. त्या गाऊन गळा तापवायचा आणि लगेच अगदी विरळ साथीवर एकट्याने सुरुवात करायची, हे शिकणाऱ्या आवाजाला झेपत नाही. थकव्यापेक्षाही मोठं कारण म्हणजे रांगेत गाताना लागलेली सवय.

कॉयरमध्ये आपण शेजारच्या आवाजात मिसळायला शिकतो, आणि नकळत आवाजाची धार काढून टाकतो. १९८६ साली रॉसिंग, सुंदबर्ग आणि टर्नस्ट्रोम यांनी पुरुष गायकांना कॉयरसारखं आणि सोलोसारखं असं दोन्ही पद्धतींनी गायला लावून मोजमाप केलं. सोलो गाताना ३००० हर्ट्झच्या (सेकंदाला ३००० कंपनांच्या) आसपासची, म्हणजे आवाजाला धार देणारी ऊर्जा वाढत होती, कॉयरमध्ये ती कमी होऊन मूळ स्वराचा जोर वाढत होता. ऑर्केस्ट्राची ऊर्जा मुख्यतः ५०० हर्ट्झच्या आसपास असते आणि वर जाताना उतरत जाते. म्हणजे वर तुझ्यासाठी जागा मोकळी आहे. दम लावून, मान ताणून आवाज मोठा करायची गरज नाही, ती धार परत आणायला हवी.

यासाठी 'होस्तियास' फार उपयोगी आहे, कारण त्याची सुरुवात बराच वेळ एकाच स्वराभोवती राहते. लपायला चाल नाही. पहिली ओळ आधी रांगेत गातोस तशी गा, मग क्लासमध्ये गातोस तशी, आणि दोन्ही वेळा रेकॉर्डर खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेव. शक्य असेल तर हॉलच्या शेवटच्या रांगेत. तोंडाजवळ ठेवलेला फोन फसवतो. दुसरी पद्धत तुझ्या स्वतःच्या कानाला टोकदार, थोडी उघडी वाटेल. तिकडून ऐकशील तेव्हा तीच गोल वाटते. गुरूंना दोन्ही ऐकव आणि त्यांचा शब्द मान. इथे आम्ही काहीही लिहिलं तरी तुझा आवाज त्यांनी ऐकलाय, आम्ही नाही.

'लिबेरा मे' फोरेने १८७७ साली बॅरिटोन आणि ऑर्गनसाठी स्वतंत्र लिहिलं होतं, रेक्विएममध्ये ते नंतर आलं. त्यामुळे नुसत्या कीबोर्डवर रियाज करताना काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. पण एक गोष्ट एकट्याच्या रियाजात लक्षात येत नाही: तू गायलेली चाल पुढे संपूर्ण कॉयर एकसुरात गातो. तू जिथे लय ओढशील तिथे त्यांनाही ओढावी लागेल, नाहीतर दोघांची दोन गाणी होतील. उच्चारांचंही तेच. गाण्यातला लॅटिन शब्द 'coeli' हा 'चेली' म्हणायचा की 'त्सेली', हे कॉयरने आधीच ठरवलेलं असतं. गुरूंनी वेगळं शिकवलं असलं तरी या कार्यक्रमापुरतं कॉयरचं घे.

तालमीत प्रत्येक वेळी पूर्ण आवाजात गाऊ नकोस. अर्ध्या आवाजात गाणार असशील तर कंडक्टरला आधी सांग, म्हणजे तो ऑर्केस्ट्राचा तोल तुझ्या त्या आवाजावर बसवणार नाही. एकदा तरी ऑर्केस्ट्रासोबत पूर्ण गा, आणि त्या वेळी मागच्या रांगेत विश्वासाचा माणूस बसव.

मधल्या भागांत तू प्रेक्षकांसमोर गप्प बसलेला असशील. पाणी जवळ ठेव, खांदे सैल सोड, खोल श्वास चालू ठेव. उठायचं नेमकं कधी, हे कंडक्टरकडून ठरवून घे आणि स्वरलिपीत पेन्सिलने लिही. स्वरलिपी हातात घेऊन गाणं या प्रकारात सर्रास चालतं, पण ती छातीच्या उंचीवर धर, म्हणजे नजर आणि आवाज कागदात जाणार नाहीत.

आणि हे छान झालं की कोणीतरी ब्राम्स या जर्मन संगीतकाराच्या 'जर्मन रेक्विएम'मधल्या सोलोसाठी विचारेल. त्यातला बॅरिटोन बऱ्याच मोठ्या ऑर्केस्ट्रासमोर उभा असतो. गुरूंना विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस.