मुदत ठेव मोडून जुन्या सिनेजाहिराती घ्याव्यात का?

एका संग्राहकाकडची जुनी वर्तमानपत्रं एकगठ्ठा विकायला निघाली आहेत. त्यात मूकपटांच्या काळापासूनच्या सिनेजाहिराती आहेत. ती घेण्यासाठी मुदत ठेव मोडायची आणि दोन वर्षं निवृत्तीसाठीची मासिक गुंतवणूक थांबवायची, असा तुमचा बेत आहे. ‘किमती वाढतच जाणार, पुढे मुलांना उपयोगी पडेल,’ असंही तुम्ही लिहिलं आहे.

ठेव मोडू नका, मासिक गुंतवणूकही थांबवू नका. छंद मात्र जरूर जोपासा, कारण या कागदांचं मोल खरोखर मोठं आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकी ग्रंथालयाच्या २०१३ च्या अहवालानुसार अमेरिकेतले सुमारे ७० टक्के मूक कथापट कायमचे गमावले आहेत. अशा कितीतरी चित्रपटांची आज सापडणारी खूण म्हणजे वर्तमानपत्रातली एखादी चौकट: नटनटींची नावं, खेळांच्या वेळा, तिकिटाचे दर. हे जपणारी माणसं हवीतच.

पण अभ्यासकाच्या लेखी असलेलं मोल आणि बाजारात हाती पडणारी रक्कम यांत फार अंतर असतं. या कागदावर व्याज नाही, लाभांश नाही. विकायचं म्हटलं की नेमकं तेच हवं असणारा माणूस शोधावा लागतो. समजा, १०० ला घेतलेला अंक व्यापारी ५० ला मागतो. मग तुमची मुद्दल सुटण्यासाठीच भाव दुप्पट व्हायला हवा. दरसाल ७ टक्क्यांनी भाव वाढला तरी त्याला सुमारे दहा वर्षं लागतात. तेवढ्या काळात त्याच दराच्या ठेवीतले पैसे दुप्पट झालेले असतात, आणि अडीअडचणीला ती ठेव लगेच हाताशी असते.

शिवाय हा माल बसल्या जागी झिजतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वर्तमानपत्रं लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदावर छापली जाऊ लागली. त्यातलं लिग्निन (लाकडातलं एक नैसर्गिक द्रव्य) उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्लामुळे कागद ठिसूळ होतो. अंक उघडताना घडीवर तडा जातो, कडेचे तपकिरी कपचे हातात येतात. पानभर जाहिरात नेमकी त्या घडीवर असेल तर किंमत तिथेच घसरते. आम्लमुक्त पुठ्ठा, पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं (पीव्हीसीची नकोत), कोरडी, थंड, अंधारी जागा हा खर्चही खरेदीतच धरा. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन मात्र कटाक्षाने टाळा. घराच्या विम्यात असा संग्रह बऱ्याचदा वेगळा नोंदवल्याशिवाय धरला जात नाही, तेही विचारून घ्या.

एकगठ्ठा खरेदीबद्दल मला विशेष काळजी वाटते. अशा गठ्ठ्यात मोजके अंक मागणी असलेले आणि बाकीचे भरतीचे असतात, पण पैसे सगळ्यांचे मोजावे लागतात. बांधीव खंड असतील तर शिवणीकडची भोकं आणि कापलेला समास तपासा. आतली पानं मात्र बंद राहिल्यामुळे पुष्कळदा सुट्या अंकांपेक्षा उजळ असतात. गाजलेल्या तारखांच्या अंकांची नंतर पुनर्मुद्रणंही निघतात. अस्सल ओळखायची एक खूण: जुना अंक लेटरप्रेसवर, म्हणजे उठावाच्या अक्षरांनी, छापलेला असेल तर पानाच्या मागे अक्षरांचा हलका दाब बहुधा बोटाला लागतो. कात्रणापेक्षा पूर्ण अंक घ्या, कारण तारीख आणि वर्तमानपत्राचं नाव असलं की जाहिरात पुरावा ठरते.

सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी नाही, एवढं आधी पाहा. मग करमणुकीसाठी दरमहा जे पैसे ठेवता, त्यातूनच खरेदी करा. विक्रेत्याला सुटे अंक द्यायला सांगा: मूकपटांच्या अखेरचे काही, आणि ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ हा बोलपटांची लाट आणणारा अमेरिकी चित्रपट आल्यानंतर जाहिरातींत आवाजाची दवंडी पिटली जाऊ लागली त्या काळातले काही. तो सुटे द्यायला तयार नसेल तर हा व्यवहार सोडून द्या. घेतलेल्या प्रत्येक अंकाची पावती, तारीख, किंमत आणि फोटो एका वहीत नोंदवा, आणि ती वही कुठे आहे ते मुलांना आत्ताच सांगून ठेवा.